दाजीपूर तीन दिवस : गवा एक, गोचीड अकरा

कोल्हापुरात जन्म काढून दाजीपूर न बघितलेली माणसं असतात त्यातला मी एक. म्हणजे चौथीत शाळेच्या ट्रिपला गेलो होतो, पण त्यातलं आठवतंय एवढंच की एसटीत मला उलटी झाली होती आणि गवा दिसला नव्हता. पुढं फोंडा घाटातनं कोकणात जाता-येता त्या अभयारण्याच्या कमानीवरनं पन्नास वेळा तरी गेलो असेन, दरवेळी 'येताना थांबूया' म्हणायचं आणि येताना अंधार झालेला असायचा. यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात लेकीच्या शाळेला जोडून सुट्टी आली, तिनं हट्ट धरला आणि निघालो. बायकोला मार्चएंड, त्यामुळं मी, नऊ वर्षांची लेक आणि बाबा. बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ७१, एक गुडघा कामातनं गेलेला आणि तोंड एकदम ठणठणीत.

पहिला दिवस, शुक्रवार

अकराला रंकाळ्यावरनं सुटलो. कोल्हापूर ते दाजीपूर ८० किलोमीटरच्या आसपास, दोन-सव्वादोन तासांचं काम, पण मार्चमध्ये कारखाने अजून चालू असतात त्यामुळं हळदी-भोगावतीच्या रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या. ओव्हरटेक करायला गेलं की समोरनं दुसरा ट्रॅक्टर गाणी लावून येतोय. त्यापेक्षा मागं मागं जायचं, वास घ्यायचा. एका गुऱ्हाळावर थांबलो, गरम काकवी द्रोणात, लेकीनं द्रोण चाटून पुसून टाकला आणि मग सीटबेल्टसकट सगळं चिकट.

राधानगरीला धरण रस्त्यावरनंच बघितलं. कोल्हापूरकराला या धरणाचं वेगळं सांगायला नको, जुलैत सगळ्यांच्या मोबाईलवर एकच मेसेज फिरतो, 'किती नंबरचा दरवाजा उघडला?' सात स्वयंचलित दरवाजे, पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप उघडणार, एकातनं १४२८ क्युसेक. भोगावतीवरचं हे धरण शाहू महाराजांनी सुरू केलं, पैशापायी काम मधे थांबलं आणि पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. क्षमता ८.३६ टीएमसी. बाबांनी हे सगळं लेकीला वर्गात शिकवल्यासारखं सांगितलं, वर प्रश्न विचारला, "मग हे पाणी कुठनं येतं?" ती म्हणाली पावसातनं. बाबा म्हणाले पाऊस चार महिने, पाणी बारा महिने, मधल्या आठ महिन्यांचं काय? ती गप्प. मी पण गप्प, खरं सांगायचं तर.

धरणाच्या पुढं रस्ता बॅकवॉटरच्या कडेकडेनं जातो आणि हा या सगळ्या प्रवासातला सगळ्यात देखणा तुकडा. काटेसावर फुललेली, पान एक नाही आणि लाल फुलं लगडलेली, खाली रस्त्यावर फुलांचा सडा आणि त्यावरनं गाडी घालायला जीवावर येतं.

आता गडबड. ज्यांच्याकडं खोली बुक केली होती (नाव लिहीत नाही, पैसे त्यांनी परत दिले) तिथं पोचलो तर आमच्या खोलीत एक आठ जणांचं कुटुंब गाद्या टाकून पत्ते खेळत होतं. डबल बुकिंग. विकेंड असल्यानं आसपास सगळं फुल्ल. बाबा चहाच्या टपरीवर बसून शांतपणे चहा पीत होते आणि टपरीवाल्याला पाढे विचारल्यासारखं गावाबद्दल विचारत होते, त्यातनं वाट निघाली. टपरीवाल्याचा दाजी जंगलात गाईड, घर मागं वाडीत, एक खोली रिकामी. "कंडिशन म्हंजे पंखा न्हाय आन संडास भायेर हाय." चालतंय म्हटलं.

हे गाईडमामा म्हणजे पन्नाशीचे, बारीक, खाकी शर्ट इस्त्रीचा, बोलणं कमी. काकूंचं बोलणं त्यांच्या वाटणीचंही. रात्री नाचणीची भाकरी, ओल्या काजूची उसळ, खर्डा आणि ताक. ओले काजू सोलायला लेक बसली तर काकूंनी आधी तिच्या हाताला खोबरेल चोळलं, चीक लागला तर कातडं सोलवटतं म्हणून. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी होती आणि शेजारी चूल पण पेटलेली. मी विचारलं गॅस आहे तर चूल कशाला. काकू म्हणाल्या, "च्याला ग्यास. भाकरी ग्यासवर फुगत न्हाय." वन खात्याच्या योजनेतनं वाडीत सिलिंडर आले, जंगलातनं मोळ्या आणणं खूप कमी झालं, पण भाकरीपुरतं सरपण लागतंच, ते पडलेलं वाळकं असतं हे त्यांनी दोनदा सांगितलं, न विचारता.

रात्री दोनच्या सुमारास ढाण ढाण आवाजानं जाग आली. लेक घाबरून मला चिकटली. बाबा आधीच पडवीत उठून बसलेले. लांब शेताकडं कोणीतरी पत्र्याचा डबा बडवत होतं, बॅटरीचा झोत उसावरनं फिरत होता. तासाभरानं मामा परत आले, पायाला चिखल, पडवीतल्या खुंटीला डबा अडकवला आणि म्हणाले, "झोपा गुरुजी. पावनं आलंतं."

(टिप: मोबाईलला रेंज एका कंपनीची येते, दुसरीची नाही, आणि कुठली येईल ते वळणावळणावर बदलतं. रोख पैसे जवळ ठेवा, पेट्रोल राधानगरीतच भरा. थंडी मार्चमध्ये पण पहाटे चांगलीच लागते, शाल न्या.)

दुसरा दिवस, शनिवार

साडेपाचला निघालो, सहाला गेटवर. पावत्या, गाडीचा नंबर, गाईड सक्तीचा आणि आमचा गाईड तर आमच्याच गाडीत. गेटवरच्या वनरक्षक ताईंनी आमच्या पिशवीतल्या पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या मोजल्या, चार, आणि मला सांगितलं येताना चार दाखवायच्या. वेफर्सची दोन पाकिटं मात्र तिथंच काढून ठेवली. लेकीनं तोंड पाडलं.

आत कच्चा रस्ता, तांबडा, खडबडीत. खालनं बसकी गाडी असेल तर नेऊ नका, आमची दोनदा टेकली आणि तो आवाज अजून कानात आहे. जीप गेटजवळ भाड्यानं मिळते, तीच करा.

हे जंगल आधी कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान. १९५८ मध्ये दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य झालं, राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी हे, पुढं १९८५ मध्ये वाढवून राधानगरी अभयारण्य, ३५१.१६ चौरस किलोमीटर. २०१२ ला युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून घेतल्या त्यात महाराष्ट्रातल्या चार, कास, कोयना, चांदोली आणि हे. पाटीवर 'बायसन' लिहिलेलं बघून बाबा तिथंच वैतागले. बायसन अमेरिकेतला, आपला तो गवा. मामा म्हणाले, "पर्यटकास्नी बायसन म्हटल्यावर भारी वाटतंय गुरुजी. गवा म्हटलं की म्हणत्यात, म्हस बघायला आलोय व्हय."

पहिला तास काहीच नाही. म्हणजे काहीच नाही असं मला वाटत होतं. मामांनी गाडी थांबवून एका ऐनाच्या बुंध्यावर वाळलेला चिखल दाखवला, माझ्या डोक्याच्या वर. गवा चिखलात लोळून येतो आणि इथं अंग घासतो. चिखलात दोन-तीन काळे राठ केस चिकटलेले. लेकीनं एक केस काढून वहीत ठेवायला घेतला तर मामांनी हळूच हात धरला, "ऱ्हाऊं दे बाय. हितलं हितंच." मग पुढं शेकरू, हिरड्याच्या शेंड्यावर, शेपूट खाली सोडून, आणि त्याचं ते टकटक टकटक ओरडणं. राज्यप्राणी आपला. एकच शेकरू तीन-चार घरटी बांधून ठेवतं हे मला माहीत नव्हतं, लेक म्हणाली सेकंड होम.

आणि मग एका वळणावर गवा. एकच. गवताच्या मोकळ्या पट्ट्याच्या कडेला, निम्मा सावलीत. एकांडा नर, काळाभोर, पाठीवर वशिंड नाही तर लांबलचक कणा उठलेला, आणि चारी पायांत पांढरे मोजे. फोटोत बघून त्याचा आकार कळत नाही हो. आमची गाडी त्याच्यापुढं खेळण्यातली वाटली. मामांनी इंजिन बंद करायला लावलं आणि लेकीच्या तोंडावर नाही पण तोंडासमोर हात धरला. तो आमच्याकडं बघत होता, चघळत होता, कान हलवत होता, एक माशी त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात बसत होती उठत होती. मग नाकातनं फुस्सकन मोठा आवाज काढला, वळला आणि एवढं मोठं धूड काटकी न मोडता झाडीत गेलं. चार मिनिटं असेल सगळं. बाबा एवढंच म्हणाले, "हं." बाबांच्या तोंडनं एका अक्षरावर भागलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

लेकीला मग प्रश्न पडला की हाच गवा काल रात्री शेतात होता काय. मामा म्हणाले हा नसंल, पण ह्याच्यातलाच.

इथनं पुढं मला या ट्रिपमधला सगळ्यात आवडलेला भाग, आणि तो कुठल्याच व्हिडिओत दाखवत नाहीत. मोकळ्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला सात-आठ जण काम करत होते, दोघांच्या पाठीवर मशीन, त्यातनं जोरात वारा सुटतोय आणि वाळका पाला उडून बाजूला पडतोय. लेक म्हणाली उलटा व्हॅक्युम क्लीनर. ती जाळरेषा. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की जंगलात पट्टे ठरलेले असतात, तिथलं गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि पहाटे दव असताना, वारा नसताना, माणसं उभी करून मुद्दाम जाळून टाकायचं. मग पुढं खरा वणवा आला तर त्या काळ्या पट्ट्यावर आगीला खायला काही मिळत नाही. वणव्याचा हंगाम धरतात १५ फेब्रुवारी ते १५ जून. पट्टा फेब्रुवारीच्या आधीच जाळून झाला होता, पण झाडं काय आपल्यासाठी थांबत नाहीत, पानगळ चालूच, म्हणून आठ-आठ दिवसांनी परत साफ करायचा. आमची गाडी आरामात मावेल एवढा रुंद पट्टा, डोंगराच्या उतारावरनं वर गेलेला, दिसेल तिथपर्यंत. मी या रस्त्यानं एकदा-दोनदा उतारावरच्या अशाच काळ्या पट्ट्या बघून 'कुणी जाळलं रे जंगल' म्हणून हळहळलो होतो हे मामांना सांगितलं नाही.

बाबांचा गुडघा बोलायला लागला होता, ते तिथंच सावलीला मजुरांबरोबर बसले आणि आम्ही तिघं सड्यावर गेलो.

सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं जांभ्याचं सपाट पठार. सावराई सडा. पावसाळ्यात फुलं, आत्ता मात्र तव्यासारखा काळा खरबरीत दगड, त्याच्या खळग्यात ओंजळभर माती आणि त्या मातीत वाळलेल्या काड्या. मामा उकिडवे बसले, एका खळग्यात बोट घातलं, पेराएवढं पण आत गेलं नाही. "एवढ्याच मातीत फुलतंय ते समदं. गाडी फिरली का वाळून धूळ होती, पावसात व्हावून जाती. मग निस्ता दगड." अशाच सड्यांच्या पोटात बॉक्साईट असतं, आपल्या जिल्ह्यात त्याच्या खाणी आहेत, त्यामुळं सड्यावरनं भांडणं जुनी. पण मला आठवलं ते वेगळंच. कॉलेजात असताना आम्ही मसाई पठारावर पाच बाईका गोल गोल फिरवून फोटो काढले होते, मागं उडणाऱ्या धुळीचं कौतुक. तेव्हा वाटलं होतं पठारच आहे की, त्याला काय होतंय.

सड्याच्या टोकावरनं कोकण दिसतं म्हणतात, आम्हाला धुरकट दिसलं, निळ्यावर निळं. वारा मात्र असा की टोपी गेली.

उतरताना एक पाणवठा बघितला. बशीसारखा सिमेंटचा, कडेला उतार ठेवलेला, त्यात पडलं तर लहान प्राण्याला चढून येता यावं म्हणून. काठावरच्या ओल्या मातीत ठशांची नुसती जत्रा. गव्याचं खूर, दोन पाकळ्यांचं, मामांच्या पंज्याएवढं. सांबर. रानडुक्कर. बारीक भेकराचं. आणि एक गोल, नखं न उमटलेलं, त्यावर मामांनी चार काटक्या उभ्या करून कुंपण केलं, संध्याकाळी वनरक्षक फोटो घेऊन जातील. बिबट्या, दोन दिवसांचा जुना. लेकीला अशी खुशी झाली की गवा विसरली.

वैशाख पौर्णिमेला अशाच पाणवठ्याच्या मचाणावर रात्रभर बसून प्राणी मोजतात, चांदणं असतं आणि उन्हाळ्यात पाणी कमी म्हणून सगळे तिथं येतात. पर्यटकांना पण घेतात त्यात, आधी नाव द्यावं लागतं. मामा १५-१६ वर्षं बसतायत. मी विचारलं सगळ्यात अवघड काय, बिबट्या, अस्वल? "डास. आन खोकला आला तर."

परत आलो तर बाबांच्या सभेत भर पडलेली. एक म्हातारे धनगर, मामांच्या नात्यातले, मेंढराचं घोंगडं अंगावर, आणि विषय तापलेला. त्यांचं म्हणणं, आमचे बाप-आजे उन्हाळ्यात डोंगर पेटवायचे, आठ दिवसांत हिरवा कोंब यायचा, म्हशी खायच्या, काय वाईट झालं? आता चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, काडी लावली तर केस. मामांचं म्हणणं, कोंब येतो पण झाडांची रोपटी जळतात, रानकोंबडीची अंडी जळतात, आणि दरसाल जाळत गेलं की चांगलं गवत हटतं आणि रानमोडी नावाचं तण माजतं, रानमोडीला गवा तोंड लावत नाही. "मंग खायाला काय न्हाय म्हटल्यावर गवं खाली उसात येत्यात आन डबा कोण बडवतंय? मी." म्हातारे ऐकून घेत होते, मग एकच बोलले, "आरं पन जाळलं की गोचीड मरतोय. आता बघ किती झालाय." मामांना यावर उत्तर सुचलं नाही, ते रानमोडी उपटायला लागले, खरोखर, बसल्या जागी हाताला येईल ती.

आणि बाबांनी आणखी एक गोष्ट काढून घेतलेली. मामांचे आजोबा संस्थानच्या वेळी हाक्याला जायचे. शिकारीसाठी गावातनं माणसं धरायची, रानात रांग करून ढोल-डबे बडवत प्राणी मचाणाकडं हाकत न्यायचे, त्याला हाका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचा विषयच मिटला. आता नातू डबा बडवतो ते गवे शेतातनं परत जंगलाकडं हाकायला. बाबांनी विचारलं तोच डबा काय हो? मामा हसले पहिल्यांदा. "न्हाय गुरुजी, ह्यो तेलाचा हाय. पंधरा किलोचा."

(टिप: मंगळसूत्राएवढी महत्त्वाची गोष्ट, फुल पँट आणि मोजे. पँटची टोकं मोज्यात खोचा, फॅशन घरी. रंग मळखाऊ. परफ्यूम मारून येऊ नका, आमच्या पुढच्या जीपमधनं येणारा वास आम्हाला शंभर फुटांवर येत होता मग गव्याला तर किती. आणि जून ते साधारण सप्टेंबरअखेर अभयारण्य बंद असतं, आधी फोन करून विचारूनच निघा. काजवे बघायचे तर मेअखेर.)

संध्याकाळी शेत बघायला गेलो. बॅकवॉटरवर मोटर टाकून केलेला ऊस, पाऊण एकर. मधोमध असा आडवा झालेला जसं कुणी रोलर फिरवलाय. खाल्लेला कमी, तुडवलेला जास्त. शेंडे तेवढे ओरबाडलेले. मामा काही बोलले नाहीत, एक मोडकं कांडं उचलून सोलून लेकीला खायला दिलं. ती खाता खाता म्हणाली, गोड आहे म्हणून येतात. मला उगाच ओशाळल्यासारखं झालं, सकाळी याच जनावराला बघायला आम्ही पैसे भरून गेलो होतो.

नुकसानभरपाईचा अर्ज तीन दिवसांच्या आत द्यायचा असतो, मग वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक असे येऊन पंचनामा करतात. "मिळत्यात की पैसं. पर अर्ज लिवायचा म्हंजे ऊस लावण्यापरास जड." बाबांना आणखी काय पाहिजे. जेवणाआधी पडवीत बसले, चष्मा पुसला, लेकीच्या वहीचे दोन कागद, मोत्यासारखं अक्षर. 'विषय : वन्यप्राणी गवा यांनी ऊस पिकाचे केलेल्या नुकसानीबाबत.' लिहून झाल्यावर स्वतःच अडखळले, गवा 'यांनी' काय, 'गव्याने' पाहिजे. खोडायला गेले तर मामा म्हणाले, "असूं द्या गुरुजी. जरा मान दिल्याला बरा."

रात्री गोचीड. मला वाटलं खाज घामाची. काकूंनी कंदिलासारखा मोबाईल धरला आणि माझ्या पोटरीकडं बघून म्हणाल्या, "आगं बया." तिळाएवढे, काही तर त्याच्याहून बारीक. माझ्या अंगावर सात, बाबांच्या तीन, लेकीच्या कानामागं एक. लेक मोठ्यानं मोजत होती. काकूंचा उपाय खोबरेल, पण पर्समधला बारीक चिमटा बरोबर आणला होता, कातडीला लागून धरून सरळ ओढून काढले, मग साबणानं धुतलं. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडं २०१६ पासून माकडतापाच्या केसेस झाल्यात आणि तो गोचिडीतनंच येतो, त्यामुळं चेष्टेवारी नेऊ नका, जंगलातनं आलात की अंग तपासा आणि पुढं आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला जंगलाचं सांगा. आम्हाला काही झालं नाही. पण त्या रात्री खाजवत पडलो असताना घोंगडीवाल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं मला एकदम पटायला लागलं होतं, हे कबूल करतो.

तिसरा दिवस, रविवार

सकाळी अंगणात शीळ ऐकून उठलो. कुणीतरी पोरगं रमत गमत शीळ घालत चाललंय असं वाटलं, सूर सापडतोय, हरवतोय, परत सापडतोय. शीळकरी कस्तुर. ओढ्याच्या दगडावर बसलेला, निळा काळा, दिसायला कावळ्याच्या पोरासारखा आणि गळा असा. अर्धा तास तिथंच गेला, चहा गार.

मग बॅकवॉटर. शुक्रवारी जिथं आम्ही तिघंच होतो तिथं रविवारी अकरा वाजता चौदा गाड्या. डिकी उघडून डीजे, चुलवणावर मटण, पोरं पाण्यात. आपलीच माणसं, कोल्हापूरचीच पासिंग, एमएच शून्य नऊ. मटण करण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, वास एवढा भारी येत होता की मी दोन मिनिटं थांबलो, पण चूल मांडलेली वाळक्या गवतात आणि वारा डोंगराकडं. गस्तीचे दोन वनमजूर आले, एकाचं वय जेमतेम पंचवीस, त्यानं हात जोडून सांगितलं, दादा चूल विझवा आणि गाणी बंद करा. एक जण म्हणाला ही काय तुझ्या बापाची जागा आहे काय. पोरगं म्हणालं, "न्हाय दादा, सरकारी हाय. म्हणूनच." त्याच्या हातात पाण्याचा कॅन होता, त्यानं स्वतःच विझवली, राख ओली करून हातानं चाचपून बघितली, मग उठला. लोक आवरायला लागले, कुरकुरत. बाटल्या तिथंच. लेकीनं चार उचलल्या आणि गाडीत टाकल्या, कारण कालच्या गेटवरच्या चार बाटल्यांचा हिशोब तिच्या डोक्यात बसला होता. वासानं गाडी कोल्हापूरपर्यंत बारसारखी.

परतीच्या वाटेवर लेकीनं विचारलं गवे कोल्हापुरात आले तर? आलेत की, २०२१ च्या डिसेंबरात शहराच्या वेशीपर्यंत आले होते, तेव्हा आमच्या गल्लीतली पोरं मोबाईल घेऊन बघायला पळालेली. आणि त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात कोथरूडला एक आला होता, लोकांनी मागं लागून लागून त्याला असं पळवलं की मेला बिचारा. हे सांगायला नको होतं, राधानगरीपर्यंत ती गप्पच बसली.

राधानगरीतला संस्थानकाळातला हत्तीमहाल वेळेअभावी राहिला, धरणाच्या तलावातली त्याच काळातली बेनझीर व्हिला लांबनंच बघितली. दोन वाजता राधानगरी-भोगावतीच्या मधे एका साध्या खानावळीत तांबडा-पांढरा, भाकरी, कांदा. बाबांनी पांढरा रस्सा चार वाट्या घेतला, गुडघ्याला चांगला असतो म्हणून. असं कुठल्याही डॉक्टरनं सांगितलेलं नाही.

(शेवटची टिप: खर्च लिहीत नाही कारण दर बदलत राहतात. पण वाडीत कुणाच्या घरी राहिलात तर पैसे देताना काकूंच्या हातात द्या, मामांच्या नको. मामा घेत नाहीत.)

येऊन बारा दिवस झाले. काल रात्री मामांच्या नंबरवरनं व्हॉट्सॲपला फोटो आला, बॅटरीच्या उजेडात ओल्या सरीतलं दोन पाकळ्यांचं खूर, शेजारी मापाला म्हणून तेलाचा डबा ठेवलेला. खाली व्हॉइस मेसेज, "पावनं परत आलंतं. गुरुजींना सांगा, आनी एक अर्ज लागतोय. आन ते 'यांनी' तसंच ठिवायला सांगा, सायेब वाचून हसलं आन पंचनाम्याला दुसऱ्याच दिशी आलं."

बाबांनी कागद काढलाय.